समुद्रातलं अभयारण्य कोणी मोजायचं?

१९८६ साली आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात अंधारी अभयारण्य जाहीर झालं. पुढच्याच वर्षी, १३ एप्रिल १९८७ला, मालवणच्या समुद्राचा २९.१२ चौरस किलोमीटरचा तुकडा 'सागरी अभयारण्य' म्हणून जाहीर झाला. कायदा एकच, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा. शब्दही एकच. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती झाड नाही की झुडूप नाही, पण सरकारी कागदावर त्या पाण्याचंही अरण्य झालं.

मी पोंभुर्ण्याचा. ज्या नदीवरून अंधारी अभयारण्याला नाव मिळालं, ती आमच्या तालुक्यातून वाहत जाऊन वैनगंगेला मिळते. वैनगंगेचं पाणी पुढे प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागरात जातं. म्हणजे मालवणच्या समुद्राशी आमचा पाण्यानंसुद्धा संबंध नाही. नोकरी सॉफ्टवेअरची. तरी गेली दोन वर्षं मी प्रवाळांच्या सर्वेक्षणाबद्दल मिळेल ते वाचतोय. सुट्टीत घरी गेलो की मामा विचारतो, "समुद्राचं तुले का करा लागते रे?"

त्याला द्यायचं उत्तर थोडं लांबलचक आहे. 'अभयारण्य' हा शब्द कानावर पडला की आमच्याकडे लोक आधी विचारतात, हद्द कुठून कुठवर? आणि ती कोणी मोजली? समुद्रातल्या अभयारण्याचा इतिहास वाचताना मला तेच दोन प्रश्न पुन्हा पुन्हा भेटले.

चरबी लावलेलं शिसं

आधी प्रवाळ म्हणजे काय ते. प्रवाळ दिसतो दगडासारखा किंवा झाडासारखा, पण तो प्राणी आहे. मऊ शरीराचे बारीक बारीक जीव वसाहत करून राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवालं असतात. ती उन्हावर अन्न तयार करतात आणि भाडं दिल्यासारखं त्यातलं बरंचसं यजमानाला देतात. पाणी फार तापलं की ही शैवालं निघून जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. तापमान लवकर उतरलं नाही तर तो मरतो. जगाच्या समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळ खडकांनी व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या सुमारे पाव जीवजाती कधी ना कधी त्यांच्या आसऱ्याला येतात.

आणि समुद्र आमच्यापासून वाटतो तितका लांबही नाही. गडचांदूर-कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यांत जो चुनखडी दगड भरडला जातो, तो एका अतिप्राचीन समुद्राचा गाळ आहे. शंभर कोटी वर्षांहून जुना. त्यात प्रवाळ सापडणार नाहीत, कारण तेव्हा प्रवाळ जन्मालाच आले नव्हते.

प्रवाळ पाण्याखाली असतात. मग पाणबुडे नसतानाच्या काळात माणसांनी ते मोजले कसे? एप्रिल १८३६मध्ये 'बीगल' जहाज हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांपाशी थांबलं होतं. जहाजावर सत्तावीस वर्षांचा चार्ल्स डार्विन होता. गंमत म्हणजे प्रवाळबेटं कशी तयार होतात याचा आपला सिद्धान्त त्यानं दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर असतानाच मनात जुळवला होता, खरा प्रवाळ खडक डोळ्यांनी बघण्याआधी. त्यामुळे समुद्रापासून लांब बसून प्रवाळांचा विचार करणारा मी काही पहिला नाही.

कीलिंगला कप्तान फिट्झरॉयनं दोरीला शिशाचं वजन बांधून खोली मोजली. वजनाच्या बुडाला चरबी लावलेली होती. तळाला टेकल्यावर तिथं जे असेल ते चरबीला चिकटायचं, नाहीतर त्याचा ठसा उमटायचा. दहा वावांच्या आत चरबी स्वच्छ वर यायची, त्यावर जिवंत प्रवाळांचे ठसे असायचे. जसजशी खोली वाढली तसतशी चिकटलेली वाळू वाढत गेली. शेवटी फक्त वाळूच. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचं अंतर, साधारण सहा फूट. एवढ्याशा साधनावरून डार्विनच्या हाती ठोस पुरावा आला की खडक बांधणारे प्रवाळ उथळ, उजेडाच्या पाण्यातच जगतात. १८४२मध्ये त्याचं प्रवाळांवरचं पुस्तक आलं.

आपल्या किनाऱ्यावरचे मच्छीमारही पाण्याची खोली वावांतच सांगत आले आहेत. मोजमाप तेच, हात तेच. पण बीगलवरचं मोजमाप वहीत उतरलं, नकाशावर गेलं, पुस्तकात छापलं गेलं. होडीवरचं मोजमाप बापाकडून मुलाकडे तोंडीच गेलं. पुढे दीडशे वर्षांत जे घडलं, त्याची मुळं मला या फरकात दिसतात.

मालवणची यादी

कोकणच्या किनाऱ्यावर प्रवाळ फारसे नसणारच, असा बराच काळ समज होता. पावसाळ्यात नद्या गोडं पाणी आणि गाळ आणून ओततात, प्रवाळांना दोन्ही मानवत नाहीत. १९७९मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वाफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यात रत्नागिरी आणि मालवण होतं. दोन वर्षांनी भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली, तिचं नेतृत्व करणारे कासिम ते हेच. मालवणचे प्रवाळ टीव्हीवर दिसतात तसे रंगीबेरंगी फांद्यांचे नाहीत. बरेचसे दगडाला धरून, पसरून वाढणारे, गाळ सोसणारे आहेत. चिवट जात.

आठ वर्षांनी अभयारण्य जाहीर झालं. त्यातला ३.१८ चौरस किलोमीटर गाभा, बाकीचा सभोवतालचा पट्टा. कागदावर हे उत्तम होतं. पण ज्या पाण्यात रापण लागते, ज्या पाण्यावर गाबीत कुटुंबांच्या चुली पेटतात, त्यावर रेघा ओढताना आम्हाला विचारलं कोणी, असं मालवणचे मच्छीमार म्हणत राहिले. विरोध वर्षानुवर्षं चालला. अभयारण्य राजपत्रात राहिलं आणि मासेमारी समुद्रात.

याचा अर्थ मच्छीमारांना समुद्राची पर्वा नव्हती असा काढणं चुकीचं आहे. याच किनाऱ्यावरच्या पारंपरिक मच्छीमारांनी पर्ससीन जाळ्यांविरुद्ध मोठा लढा दिला. पर्ससीन म्हणजे माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालून खालून बटव्यासारखं आवळायचं जाळं. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ला राज्य सरकारनं या मासेमारीवर निर्बंध घातले. समुद्र रिकामा होतोय हे आधी रापणकरांच्या दोरीला कळलं होतं, अहवालात ते नंतर आलं.

२०११च्या सुमाराला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठीचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा सूर थोडा बदलला. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेपटीला ४० मिलिमीटरचे चौकोनी आस लावण्याचा प्रयोग झाला. नेहमीचे शंकरपाळ्यासारखे आस ओढ बसली की मिटतात आणि पिल्लंही अडकतात. चौकोनी आस उघडे राहतात, पिल्लं निसटतात. यात मच्छीमारासमोर नुसती बंदीची पाटी नव्हती, त्याच्याच हातातल्या जाळ्याबद्दलची चर्चा होती. याच काळात किनाऱ्यावरची तरुण मुलं स्कूबा शिकली, पर्यटकांना पाण्याखाली नेऊ लागली. त्यामुळे प्रवाळांवर नांगर पडू लागले, पाय पडू लागले, हेही खरं. पण पहिल्यांदाच गावातली माणसं रोज आपल्या डोळ्यांनी तो तळ बघू लागली.

ठिपक्यांचं काम

सर्वेक्षण म्हणजे नेमकं काय करतात? माझ्यासारख्याला हा भाग सगळ्यात रंजक वाटतो.

आमच्याकडे बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून प्राणी मोजायची रीत आहे. प्राणी पाण्याला येतो, आपण एका जागी बसायचं. प्रवाळ जागचा हलत नाही, म्हणून तिथं आपण सरकायचं. १९९७पासून जगभर स्वयंसेवकांकडून सर्वेक्षण करून घेणाऱ्या 'रीफ चेक' या उपक्रमाची पद्धत बघा. तळावर शंभर मीटरची टेप अंथरायची. तिचे वीस-वीस मीटरचे चार तुकडे, मध्ये पाच-पाच मीटर मोकळे. प्रत्येक तुकड्यात दर अर्ध्या मीटरला टेपखाली काय आहे ते लिहायचं: जिवंत प्रवाळ, नुकताच मेलेला प्रवाळ, खडक, वाळू, गाळ, शैवाल. एका तुकड्यात ४० नोंदी, चारांत १६०. त्यातल्या ४८ ठिकाणी जिवंत प्रवाळ असेल तर आच्छादन ३० टक्के. पुढच्या वर्षी त्याच जागी तीच टेप. आकडा घसरला तर काहीतरी बिघडलंय.

आता यात कॅमेरा आलाय. तळाच्या ठरावीक चौकटीचे फोटो काढतात, संगणक त्यावर कुठेही ठिपके टाकतो आणि प्रत्येक ठिपक्याखाली काय आहे ते माणूस सांगतो. अशी हजारो उत्तरं दिली की संगणक स्वतः ओळखायला शिकतो. मीही हौसेनं असे काही फोटो पाहिले आहेत, ठिपक्यांना नावं दिली आहेत. काम कंटाळवाणं आहे आणि छान आहे. पण ते करताना लक्षात येतं की यादीत जे खाने आहेत, तेवढंच दिसतं. 'इथं जाळं अडकतं', 'इथं पूर्वी शेवंड मिळायची', 'पश्चिमेचा वारा सुटला की इथं पाणी गढूळ होतं' असा खाना त्या यादीत नसतो. आणि पोंभुर्ण्याच्या माणसाला रिकाम्या खान्याचं महत्त्व लगेच कळतं. वाघांचा आकडा देशभर छापून येतो. मोह वेचायची वाट यंदा किती घरांनी भीतीपोटी सोडली, याची नोंद ठेवणारी वही नाही.

फिजीतलं एक गाव

खाने गावानं ठरवले तर काय होतं, याचं एक उदाहरण पॅसिफिकमधल्या फिजीत आहे. विती लेवू बेटावरचं उकुनिवानुआ गाव. तिथले लोक किनाऱ्यालगतच्या चिखलातून 'काइकोसो' नावाच्या तिसऱ्या काढतात. त्या मिळेनाशा झाल्या. १९९७मध्ये गावानं २४ हेक्टरचा तुकडा तीन वर्षांसाठी 'ताबू' केला, म्हणजे तिथून कोणी काही काढायचं नाही. ताबू ही त्यांची जुनी रीत. नवीन होतं ते मोजणं. दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या लोकांनी गावकऱ्यांना दोरी अंथरून तिसऱ्या कशा मोजायच्या ते शिकवलं आणि मोजणी गावानंच केली. राखीव तुकड्यात तिसऱ्या वाढल्या, आणि शेजारी जिथं काढायला मोकळीक होती तिथंही वाढल्या. तो आकडा गावाच्या बैठकीत मांडला गेला. स्वतः चिखलात उतरून मोजणारी बाई तो आकडा सांगत असेल, तर तिला खोटं कोण पाडणार? आजूबाजूच्या गावांनी तेच केलं आणि पुढे पॅसिफिकभर, प्रवाळ खडकांसकट, स्थानिक व्यवस्थापनाचं एक जाळंच उभं राहिलं.

यात शास्त्रज्ञांची गरज संपली नाही. कुठे, किती वेळा आणि कसं मोजायचं म्हणजे आकडा भरवशाचा होईल, हे त्यांनीच शिकवलं. पण काय मोजायचं आणि मोजल्यावर काय करायचं, ते गावानं ठरवलं.

आमच्याकडची वही

अशी वही आमच्याकडच्या जंगलात आधीपासून आहे, हे मला बऱ्याच उशिरा, पुण्यात राहायला आल्यावर नीट समजलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं लेखा-मेंढा. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावची. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीनं गावानं अभ्यासगट चालवले. मधमाश्या न मारता मध कसा काढायचा, असे विषय तिथं बसून, बोलून सोडवले गेले. वनहक्क कायदा आला २००६मध्ये. २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर लेखा-मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागायचा आणि तो गावाच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडलं.

पोंभुर्ण्याच्या शेजारच्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. या गावाला २०१२मध्ये १,००६ हेक्टरचा हक्क मिळाला. गावानं बांबू विकायचा ठरवला आणि तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं. तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून झुडपं छाटतात, आगी लावतात. त्यात जंगलाचं नुकसान होतं आणि तेंदूची फळंही मिळत नाहीत. नगद पैसा देणारं पीक गावानं स्वतःहून सोडलं. हेच बाहेरून हुकूम म्हणून आलं असतं तर मोर्चा निघाला असता.

वनहक्क कायद्याच्या नियमांत दोन तरतुदी आहेत, त्या मला सॉफ्टवेअरवाल्यांच्या प्रत्येक ऑफिसात भिंतीवर लावाव्याशा वाटतात. एक, दाव्याच्या पुराव्यांत गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं सांगणं धरलं जातं. दोन, २०१२च्या दुरुस्तीनं सांगितलं की उपग्रहाची चित्रं बाकीच्या पुराव्यांना पूरक म्हणून वापरा, त्यांच्या जागी नको. म्हणजे वरून काढलेला फोटो आणि आजोबांनी सांगितलेली हद्द यांत वाद झाला, तर फोटो आहे म्हणून आजोबांना बाजूला करता येत नाही.

समुद्राला असा कायदा नाही. मालवणच्या रापणकराच्या आजोबांनी सांगितलेली हद्द कोणत्या फॉर्मवर लिहायची, याचं उत्तर नाही.

आंग्रे यांच्या नावाचा खडक

आणि आता सगळ्यात अवघड जागा. विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं एक पठार आहे. साधारण ४० किलोमीटर लांब, १५ किलोमीटर रुंद. माथ्यावर पाणी वीसेक मीटर, कडेला तळ एकदम खोल जातो. नाव 'आंग्रिया बँक'. १७२९मध्ये वारलेल्या सरखेल कान्होजी आंग्र्यांचं नाव इंग्रजांनी आपल्या उच्चारानं 'आंग्रिया' केलं आणि तेच नकाशावर चिकटलं. किनाऱ्याच्या गाळापासून लांब, स्वच्छ पाण्यात असल्यानं तिथं प्रवाळांची मोठी वसाहत आहे. डिसेंबर २०१९मध्ये 'सागर संपदा' या संशोधन जहाजावरून वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन सोसायटीची भारतातली शाखा आणि कोचीचं सागरी सजीव साधनसंपत्ती केंद्र यांनी इतर संस्थांसह तिथं मोहीम नेली. पाणबुडे उतरले, टेपा अंथरल्या गेल्या, फोटो निघाले.

२००१पासून कठीण कवचाचे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या यादीत. पण राज्याचा समुद्र १२ सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरवर संपतो. त्यापुढे अभयारण्य काढायची मालवणसारखी वाट नाही. आंग्रिया केंद्राच्या ताब्यातल्या विशेष आर्थिक क्षेत्रात येतं, म्हणून १९७६च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली त्याला संरक्षण द्यावं, असा विचार मांडला गेला आहे.

इथं माझा प्रश्न जास्त टोकदार होतो. मेंढ्याला गाव होतं, उकुनिवानुआला गाव होतं. आंग्रियाला गाव नाही. मग 'लोकांचं संवर्धन' म्हणजे कोणत्या लोकांचं? मला वाटतं, गाव नाही म्हणून माणसं नाहीत असं धरणं ही १९८७ची पुनरावृत्ती ठरेल. त्या पठाराकडे जाळी-गळ घेऊन जाणारी माणसं विजयदुर्ग, देवगड, मालवण, रत्नागिरीच्या बंदरांत राहतात. पुढची मोहीम निघेल तेव्हा तिच्या यादीतले काही खाने या बंदरांवर बसून ठरवता येतील. कोणत्या महिन्यात कोणते मासे अंडी भरलेले असतात, किती वावांवर गळ अडकतो, वीस वर्षांपूर्वी तिथं काय मिळायचं. स्कूबा शिकलेली मालवणची मुलं टेप अंथरायला जहाजावर जाऊ शकतात. आणि आकडे आल्यावर ते इंग्रजी अहवालाबरोबरच मराठीत, मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत वाचून दाखवता येतील, रेघ ओढायच्या आधी.

यात वेळ जाईल आणि भांडणंही होतील. लेखा-मेंढ्याला कायदा हातात आल्यावरही परवान्यासाठी झगडावं लागलं होतं. दुसरीकडे, समुद्र तापतोय आणि प्रवाळ आपल्या बैठकींसाठी थांबणार नाहीत, हा मुद्दाही खोटा नाही. गेल्या दशकात मालवणचे प्रवाळ पांढरे पडल्याच्या नोंदी समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केल्या आहेत. पण घाईनं ओढलेल्या रेघेनं मालवणात किती प्रवाळ वाचवले, हे आपण अडतीसेक वर्षं बघतोय. ज्यांना ती रेघ आपली वाटली नाही, त्यांनी ती पाळली नाही. आणि शंभर किलोमीटर आत समुद्रात ती पाळायला लावणारा गार्ड रोज उभा करता येणार नाही.

मामाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. पाचगावानं तेंदू सोडला ते त्याला माहीत होतंच. त्याला म्हटलं, समुद्रातही तसंच एक जंगल आहे, आणि त्याची मोजणी आत्ताच सुरू झालीय. त्यानं लगेच विचारलं, "मंग तिथल्या ग्रामसभेनं का ठरवलं?"